राऊत सरांच्या तासाची लिंबं

आमच्या घरात लिंबू दाराला टांगलेलं मी कधी पाहिलं नाही. ते वरणात पिळायचं, घसा बसला की मिठासोबत चाटायचं, आणि बाबा कामावरून आले की त्यांच्या सिमेंटने पांढऱ्या पडलेल्या बोटांवर माय त्याची साल चोळायची. बाबा गवंडी होते. आजोबांनी धम्म घेतला तेव्हा देवऋषी, अंगारा, उतारा जे घराबाहेर काढलं ते काढलंच, असं बाबा विटेवर वीट ठेवल्यासारखं एकेक शब्द ठेवून सांगायचे. गावात मात्र अमावास्येच्या दुसऱ्या सकाळी तिठ्यावर लिंबू पडलेलं असायचं, कधी कापलेलं, कधी टाचण्या टोचलेलं, आणि बैलगाडीसुद्धा त्याला वळसा घालून जायची. लहानपणी मी एकदा ते पायाने उडवलं होतं. सोबतच्या पोरी किंचाळत घरी पळाल्या. मला काही झालं नाही, आणि त्याचा मला पुष्कळ दिवस अभिमान वाटत राहिला.

ज्या थंडीतली ही गोष्ट आहे त्या थंडीत मी बी.एस्सी. होऊन घरी बसले होते. आमचं गाव जळगाव जामोदच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याला. शिकले मलकापूरला, मामाकडे राहून. घरातली पहिली, वस्तीतली पहिली, आणि विज्ञानाचं म्हणाल तर सबंध गावच्या पोरींत पहिली. हे मी आजही कुणी विचारलं नाही तरी सांगते. निकाल लागल्यावर गावच्या हायस्कुलात हेडसरांना भेटून आले होते. त्यांनी खुर्ची दिली, चहा दिला नाही, आणि म्हणाले, "विज्ञानाला राऊत सर आहेत. जागा निघाली की पाहू." राऊत सर माझेही सर होते. त्यांची जागा निघावी असं मनात आणणं वाईट, हे मला कळत होतं. पण जागा हवी होती, हेही खरं होतं. जागा हवी असणं आणि माणसाचं वाईट व्हावं असं वाटणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मला पुढे एका दिवसात पुष्कळ लोकांना समजावून सांगावं लागलं.

एका संध्याकाळी माय चुलीपुढे कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकरी थापत होती, पलीकडे पिठाच्या गिरणीचं फट् फट् चालू होतं, आणि शाळेचा शिपाई नामदेव अंगणाच्या कडेला येऊन उभा राहिला. "कमलबाई हायेत का?" म्हणाला. आदल्या आठवड्यापर्यंत तो मला "काय व कमले" म्हणायचा. 'बाई' ऐकल्याबरोबर मायचा हात तव्यावर थांबला.

"हेडसरानं सांगतलं, उद्या एक दिवस या म्हणून," नामदेव म्हणाला. "राऊत सर लयच बिमार हायेत. आठवी-नववीचं विज्ञान घ्याचं हाय."

बाबा हातपाय धुऊन बाजेवर बसले होते. त्यांनी विचारलं, "एकच दिवस?"

"एकच सांगतला."

"अन् परवा?"

"परवाचं परवा सांगतीन. अन् बाई, सामान तुमचंच आनजा. प्रयोगाच्या अलमारीची किल्ली सराच्या घरी हाय, अन् घरचे म्हन्तात सापडून नाही राह्यली."

तो गेला. आमच्या घरात कुणाला आनंद झाला असेल असं वाचणाऱ्याला वाटेल. तसं झालं नाही. बाबा टॉवेलने कान पुसत म्हणाले, "एका दिवसासाठी मानूस कवा बोलावतात मालूम हाय? स्लॅब टाकाचा असला म्हंजे. त्या दिवशी भाऊ-भाऊ करतात, चहा पाजतात. दुसऱ्या दिवशी रस्त्यात वळखत नाहीत." माय म्हणाली, "किल्ली हरपत नसते. किल्ली ठेवेल असते." मला आणखी तिसरीच शंका. रिकाम्या हाताने वर्गात उभं करतील, पोरं गोंधळ घालतील, आणि उद्या कुणी विचारलं तर म्हणायला मोकळे, की दिला होता मोका, तिला जमलं नाही. अशा तीन शंका तीन माणसांत वाटून घेऊन आम्ही जेवायला बसलो. वांग्याची भाजी होती. तिची चव आठवत नाही, म्हणजे ती बिघडलेली नसावी.

जेवण झाल्यावर मी शेजारच्या आठवीतल्या पोरीला हाक मारून विचारलं, की सर कुठपर्यंत आले होते. ती म्हणाली, विद्युत घट. सरांनी फळ्यावर चित्र अर्धं काढलं आणि पोट धरून खुर्चीत बसले, तेव्हापासून आलेच नाहीत. विद्युत घट म्हणजे काचेच्या भांड्यात पातळ आम्ल, त्यात एक तांब्याची पट्टी, एक जस्ताची, दोन्हींना तारा, मध्ये दिवा. भांडं अलमारीत. आम्ल अलमारीत. पट्ट्या अलमारीत. मी थोडा वेळ डोकं धरून बसले आणि मग कॉलेजात वाचलेलं आठवलं, की आम्लाला काचेचंच भांडं लागत नाही. निसर्गाने एक पिवळं भांडं आधीच भरून ठेवलेलं आहे.

म्हणून मी मायला लिंबं मागितली. टोपलीत होती तेवढी तिने दिली. वरणाला एक राहू दे म्हणाली, तेही मी घेतलं. जस्तासाठी बाबांच्या पिशवीतले पत्रे ठोकायचे खिळे काढले, त्यांच्यावर जस्ताचा मुलामा असतो. तांब्यासाठी, पंपाच्या जळालेल्या मोटारीत नवी तार भरणाऱ्याने फेकलेली जुनी तार होती, ती माझ्या पेटीत कधीची पडून होती. असल्या तारेवर लाखेसारखा थर असतो. तो खरवडल्याशिवाय वीज जात नाही. मी विटेच्या तुकड्याने टोकं घासत बसले. दिवा म्हणजे मुगाएवढी लाल बत्ती, जळगाव जामोदच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून आणलेली. तिला एलईडी म्हणतात हे मला ठाऊक होतं. तो तिला टेपची बत्ती म्हणायचा. माझा नातू आता बुलढाण्यात हाच खेळ खोक्यातून विकत आणतो, आत रंगीत तारा, चिमटे, सूचना सगळं. मी त्याला म्हटलं, बाबा, यात लिंबू तेवढं कुठाय? तो म्हणाला, ते आपलं आपण घ्यायचं.

पहिलं लिंबू चुलीजवळ ठेवून मी त्यात खिळा खुपसला. कच्च् असा बारीक आवाज झाला. मायने भांडी घासणं थांबवलं.

"हे काय करून राह्यली?"

"उद्याचं सामान आहे माय. दिवा लागतो यानं."

"लिंबाले खिळा टोचला म्हंजे काय असते, मालूम हाय न तुले?"

"आपण मानत नाही न ते."

"आपन नाही मानत. गाव मानते. लिंबू आपलं हाय व, डोये गावाचे हायेत." मग ती राखेचा हात तसाच धरून म्हणाली, "त्या गंगूचं काय केलं इसरली? कोनाचं लेकरू बिमार पडलं, अन् इच्यावर नाव. गिरनीवाला तिचं दयन घेत नव्हता. पाट्यावर ज्वारी वाटून खाल्ली बिचारीनं, मंग गेली गाव सोडून."

गंगूबाई मला आठवत होती. तिच्या दारावरून जाताना बायका लेकरांची तोंडं पदराने झाकायच्या. पण मी बी.एस्सी. होते. मी म्हटलं, गंगूबाईला सांगता आलं नाही, मला सांगता येतं. माय म्हणाली, "सांगाले तिलेही येत होतं. आयकाले कोनी नव्हतं."

बाबा मध्ये पडले नाहीत. त्यांना दिवा पाहायचा होता. लिंबं ओळीने मांडून मी एकाचा खिळा दुसऱ्याच्या तांब्याला जोडत गेले, शेवटी दोन टोकं बत्तीला लावली. काही झालं नाही. बत्ती उलटी करून लावली. तरी उजेडात काही दिसेना. मग बाबांनी अंगावरची गोधडी आमच्या दोघांच्या डोक्यावरून लिंबांवर ओढली. आत अंधारात, पार आत, डाळिंबाच्या दाण्यासारखा एक ठिपका लाल झाला. बाबांचा श्वास मला ऐकू येत होता. "लागला व," ते पोरासारखं म्हणाले. बाहेरून मायचा आवाज आला, "बाप-लेक गोधडीत मुंडकं घालून लिंबं पाहून राह्यले. आत्ता कोनी आलं तं काय सांगू मी?"

सकाळी तिने माझी तयारी स्वतःच्या हाताने केली, पण तिच्या पद्धतीने. लिंबं डब्यात भाकरीखाली. खिळे वेगळ्या चिंधीत. तार खडूंच्या पुडीत. जुन्या लुगड्याच्या घड्या टाचून तिने फळा पुसायला डस्टर शिवलं होतं, ते सगळ्यात वर. "शायेत गेल्यावर टोच," म्हणाली, "रस्त्यात नोको." तेवढं मी ऐकलं. इस्त्रीसाठी गादीखाली ठेवलेली साडी नेसले, कॅलेंडरच्या पाठीवर काढलेल्या आकृतीची गुंडाळी काखेत धरली आणि निघाले. रस्त्यात जो तो विचारत होता, "कुठी?" शाळेत म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "काऊन? राऊत सराचं काही कमी-जास्त झालं काय?" आणि बोलता बोलता नजर माझ्या डब्याकडे.

शाळेत हेडसर सही करत होते. ते बुलढाण्याकडचे, पुस्तकी बोलायचे. मान वर न करता म्हणाले, "शिकवलंच पाहिजे असं नाही. वर्ग शांत राहिला तरी पुरे." त्यात माझ्यासाठी काळजी होती की माझ्याबद्दल खात्री नव्हती, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. त्या वेळी मी ठरवून टाकलं होतं.

आठवीचा वर्ग विज्ञानाच्या खोलीत भरायचा. सरांची खुर्ची, सरांचं टेबल, आणि खुर्चीच्या पाठीवर सरांचा तपकिरी मफलर. पोट दुखायला लागलं त्या दिवशी ते तो तिथेच विसरून गेले असावेत. मी खुर्चीत बसले नाही. फळ्यावर त्यांचं अर्धं चित्र तसंच होतं. ते पुसलं नाही, पुरं केलं. आम्लापर्यंत आले आणि पोरांना विचारलं, आंबट काय काय असतं? चिंच, कैरी, दही, बोरं, एक जण म्हणाला गुरुजी. वर्ग हसला, मीही हसले, आणि डबा उघडून लिंबं काढली. पहिल्या बाकावरची पोरगी खिळा पाहून मागे सरकली. "काही होत नाही, ये, तूच टोच," मी म्हटलं. तिने माझ्याकडे पाहिलं, लिंबाकडे पाहिलं, आणि डोळे मिटून टोचलं. त्यानंतर सगळ्यांनाच टोचायचं होतं.

दिवा दिसायला अंधार लागतो. खिडक्या लावल्या, दार लोटलं, तरी कौलांतून उजेडाच्या पट्ट्या थेट टेबलावर येत होत्या. मी इकडेतिकडे पाहिलं. गोधडी घरी होती. मफलर समोर होता. मी तो उचलला आणि लिंबांवर तंबूसारखा धरला. पोरं गोल करून वाकली. आत लाल ठिपका उगवला आणि एवढा वर्ग असा गप्प झाला की मला हेडसरांना बोलावून दाखवावंसं वाटलं, या, किती शांत आहे पाहा.

तेवढ्यात दार उघडलं. राऊत सरांचे थोरले भाऊ दादाराव सरांचा चष्मा न्यायला आले होते. तो सरांच्या टेबलाच्या खणात होता. गावात त्यांची शेती मोठी, शाळेच्या कमिटीवरही होते. त्यांनी काय पाहिलं ते मी त्यांच्या जागी उभी राहून पुष्कळदा पाहिलं आहे. अंधारी खोली. बाहेरून आणलेली, आमच्या वस्तीतली बाई. भावाचं टेबल, त्यावर खिळे टोचलेली लिंबं, तारांनी एकमेकांना बांधलेली, आणि त्यांच्यावर भावाच्या अंगावरचं कापड. करणीला माणसाचं कापड लागतं, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. हळू आवाजात एवढंच विचारलं, "मफलर कोनाचा हाय?"

हेडसरांच्या खोलीत वर्तमानपत्रावर लिंबं ठेवली गेली. ठेवली मीच, कारण नामदेव हात मागे बांधून म्हणाला, "बाई, मी झाडू मारतो, घंटा देतो, हे नाही उचलत." हेडसर इतिहासाचे. त्यांनी विज्ञानाचं पुस्तक मागवलं, पान काढलं आणि चष्म्यातून बराच वेळ पाहिलं. "यात तांबं आहे, जस्त आहे, आम्ल आहे," म्हणाले. "लिंबू नाही, बाई."

"लिंबात आम्लच असतं सर."

"लिंबू आमच्याही घरी असते," दादाराव म्हणाले. "आमी खिये नाही टोचत त्याले. माह्या भावाच्या पोटात घास नाही टिकून राह्यला. बुलढान्याचा डॉक्टर झाला, जळगावचा झाला. अन् हे बाई जागा मागाले कवा आलती हेडसर? तुमीच सांगतलं मले."

हेडसरांनी पुस्तक मिटून बाजूला सारलं. त्या मिटलेल्या पुस्तकात माझा निकाल तयार होत होता. मला दिसत होतं की पाच मिनिटांनी ते म्हणतील, जाऊ द्या, तुम्ही घरी जा. आणि मी घरी पोचायच्या आधी गोष्ट पोचेल, गिरणीपाशी थांबेल, मग बाबांच्या कामावर जाईल. शाळा तर गेलीच. नावासकट घर जाणार. मी म्हटलं, "विज्ञान राऊत सरांचं आहे. त्यांनाच विचारू. मी येते."

दादारावांना हे नको होतं, पण नाही म्हणायला कारण सापडेना. आम्ही निघालो: पुढे ते, मागे हेडसर, त्यामागे मी, हातात वर्तमानपत्रावर लिंबं, एक तार लोंबत. रस्ता नेहमीचाच, पण बायका दारातून आत सरत होत्या. एका घराच्या पाडावर, म्हणजे परांचीवर, बाबा होते, भिंत माथ्यावर आली होती. त्यांनी वरून मला पाहिलं, लिंबं पाहिली. हातातली थापी न ठेवता खाली उतरले आणि माझ्यामागे चालू लागले. दादाराव थांबले.

"तू कायले येऊन राह्यला?"

"पोरगी माही हाय," बाबा म्हणाले. एवढंच. सरांच्या घरी पोचल्यावर ते फाटकाबाहेर उभे राहिले. त्यांना आत या कुणी म्हटलं नाही, तेही पुढे झाले नाहीत.

राऊत सर पलंगावर उशीला टेकून बसले होते. चेहरा ओळखू येईना. ज्यांनी मला ग्रहण म्हणजे सावली हे कंदील आणि चेंडूने शिकवलं, त्यांच्या दंडावर काळ्या दोऱ्यात ताईत होता, आणि उशाशी कागदाच्या पुडीत अंगारा. मला वाटलं, झालं. ज्याच्याकडे न्याय मागायला आले तोच तिकडचा आहे. दादारावांनी सगळं सांगितलं, मफलरावर भर देऊन. सर ऐकत होते आणि माझ्याकडे बघत नव्हते.

"जाऊ द्या, दादा," ते म्हणाले. "पोरगी हाय. झालं असंल."

हेडसरांनी सुटल्यासारखा श्वास सोडला. दादाराव मान हलवायला लागले. बाकीच्यांचं तेवढ्यात भागत होतं, माझं भागत नव्हतं. 'जाऊ द्या' म्हणजे केलं होतं, पण माफ केलं. त्या माफीवर मला जन्मभर राहावं लागलं असतं. मी म्हटलं, "सर, जाऊ द्या म्हणू नका. करणी आहे की धडा आहे, एक काहीतरी म्हणा. करणी म्हणालात तर मी या दारातून निमूट जाईन."

सरांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं, मग वर्तमानपत्राकडे. "इकडं आणा," म्हणाले.

"पलंगाजोळ नोको," दादाराव म्हणाले.

"दादा, खिडकी लाव."

त्यांनी लावली. लोंबलेली तार सरांनी चिमटीत धरली, टोक खरवडलेलं आहे का ते बोटाने पाहिलं, खिळ्याला गुंडाळली. ठिपका लागला. अंधारात आम्ही चौघं त्याच्याकडे पाहत होतो आणि सर सगळ्यांत जास्त वेळ.

"मले माहीत होतं हे," ते इतक्या हळू म्हणाले की मला पुढे वाकावं लागलं. "लिंबानं होते ते. इतकी वर्सं मी फळ्यावर चित्रच काढत आलो. लिंबाले खिळा टोचून गावातून न्यायची हिंमत नाही झाली, कमल." मग मोठा श्वास घेऊन, भावाकडे तोंड करून: "धडा हाय दादा. विद्युत घट. माहाच धडा हाय."

दादाराव खिडकी उघडायला वळले तेव्हा सरांनी पांघरूण ओढून दंड झाकला. मी पाहिलं नाही असं दाखवलं. त्यांच्याबद्दल मला त्या घटकेला राग होता की दया, हे मी नंतरही स्वतःला विचारलेलं नाही. ते माझ्या बाजूने बोलले, एवढं पुरे.

बाहेर आले. फाटकापाशी बाबा तसेच उभे, थापीवरचा माल वाळला होता. "काय म्हन्ले?"

"धडा आहे म्हणाले."

"मोठ्यानं म्हन्ले?"

मी मान हलवली, नाही. बाबांनी गल्लीकडे पाहिलं. प्रत्येक दारात कुणीतरी होतं, भांडं घासायचं निमित्त करून, तांदूळ निवडायचं निमित्त करून. मग माझ्या बाबांनी, ज्यांनी या फाटकाच्या आत कधी पाय ठेवला नव्हता, तिथूनच हाक मारली, "दादाराव, सर काय म्हन्ले ते इथं सांगा. गल्लीले समजू द्या."

दादाराव ओट्यावर आले. हेडसर आपल्या चपलांकडे पाहायला लागले. त्या क्षणी काहीही होऊ शकत होतं, आणि बाबांनी थापी घट्ट धरली आहे हे मला दिसत होतं.

"शायेतला धडा हाय म्हन्ते," दादाराव म्हणाले.

"कोन म्हन्ते?"

"भाऊ म्हन्ते."

"अन् तुमी?"

"मी काय म्हनू? मी मॅट्रिक फेल," असं म्हणून ते आत गेले.

समोरच्या दारातली एक म्हातारी पदरात तोंड घालून हसली. मग तिच्या शेजारची. त्यांचं हसणं आमच्या बाजूचं होतं असं मी म्हणणार नाही. गावाला मोठा माणूस फजीत झालेला आवडतो, एवढंच. पण हसू आलं की भीतीची पकड थोडी ढिली होते. सगळ्यांची झाली नाही. पुढे वर्षानुवर्षं काही घरांत मी गेले की लेकरू आतल्या खोलीत जायचं, आणि पाहुणचाराला सरबत कधी आलं नाही, चहाच यायचा. मी मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाले तरी.

राऊत सरांना त्या आठवड्यात अकोल्याला नेलं. आतड्याचं ऑपरेशन झालं आणि ते बरे होऊन परत आले, पण तो नंतरचा भाग आहे.

दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं नाही. सकाळभर मी अंगणाकडे कान देऊन होते. गिरणी सुरू झाली, जळगावची एसटी हॉर्न देत गेली, नामदेव काही आला नाही. मी अंघोळ करून साडी नेसायला घेतली. मायने विचारलं, "बोलावलं काय?"

"नाही."

"मंग?"

"नववीचा तास राहिला काल. आठवीचाच झाला."

तिने तव्यावर भाकर टाकली. शाळेत पोचले तेव्हा नामदेव घंटेपाशी उभा होता. त्याने मला पाहिलं आणि हेडसरांच्या दाराकडे पाहिलं. हेडसरांनी मान वर केली. या म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत. नामदेवने घंटा दिली. मी नववीच्या वर्गात शिरले.